आमची कुठेही शाखा नाही

१

सकाळची गर्दी ओसरली की महांतेश गल्ल्यावरून उठायचा, खव्याचे हात पॅन्टला पुसायचा आणि "आलोच" म्हणून रस्ता ओलांडून कामरानकडं जायचा. त्याचे वडील गुरुपादआप्पा मान वर न करता म्हणायचे, "जा. तुझा नंबर बघून ये."

घरात सगळ्यांना वाटायचं, पोरगा लॉटरीचा नंबर बघायला जातो. आईनं, म्हणजे जगदेवीनं, हा नाद सुटावा म्हणून कंकालेश्वराला नवससुद्धा बोलून ठेवला होता. महांतेशनं तिला खरं सांगून बघितलं.

"आई, कॉम्प्युटरवर 'बीड पेढा' लिहिलं की पेढ्याच्या दुकानांची नावं येतात, एकाखाली एक. त्यात आपण कितवे ते बघतो मी."

"त्याला कॉम्प्युटर कशाला? आपण पहिलेच हावोत. कुणालाबी इचार."

महांतेशनं समजावायचं सोडून दिलं.

दोन हजार एक साल होतं. पेट्रोल पंपावर नव्या नव्या मोटारसायकली यायला लागल्या होत्या, थंड्याच्या बाटल्या खेड्यात पोचल्या होत्या, आणि सुभाष रोडवर रहीमचाचांच्या सायकलच्या दुकानात प्लायवूडचा आडोसा टाकून त्यांच्या पोरानं, कामराननं, सायबर कॅफे उघडला होता. पुढं पंक्चर, मागं इंटरनेट. कामराननंच महांतेशच्या दुकानाची एका पानाची वेबसाईट करून दिली होती. पानावर काय, तर दुकानाचा फोटो. फोटोत वरती पाटी: 'गुरुपाद पेढा, सुभाष रोड, बीड'. त्याखाली 'रेघेचा पेढा हाच खरा पेढा'. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात: 'आमची कुठेही शाखा नाही'.

रेघेची गोष्ट अशी, की महांतेश लहान असताना उलथन्याची धार लागून त्याच्या उजव्या अंगठ्यावर आडवा वण पडला. पुढं तो पेढे वळायला लागला, आणि अंगठ्यानं दाबलेल्या प्रत्येक पेढ्यावर एक बारीक आडवी रेघ उठायला लागली. गिऱ्हाइकं तेवढ्यावरून पेढा ओळखायची. दुसऱ्या एका दुकानानं काडीनं रेघ ओढून बघितली. लोकं हसली.

आणि शाखेची गोष्ट अशी, की आप्पांच्या धाकट्या भावानं, बंकटनं, भांडून लिंबागणेशला दुकान टाकलं आणि वर पाटी लावली 'गुरुपाद पेढा, शाखा'. आप्पांनी त्या दिवशी रंगारी बोलावून लाल ओळ लिहून घेतली आणि भावाचं तोंड बघायचं सोडलं. तेव्हापासून त्या घरात झाडाच्या फांदीलासुद्धा कुणी शाखा म्हणायचं नाही.

कामराननं इंटरनेटवर एक फुकटचं यंत्र हुडकून काढलं होतं. यंत्र म्हणजे तेही एक पानच. एका चौकटीत आपल्या वेबसाईटचा पत्ता टाकायचा, दुसऱ्या चौकटीत शब्द टाकायचा, बटण दाबायचं. वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत राहायचं आणि मग यंत्र सांगायचं, तुम्ही कितवे. वर सल्ला द्यायचं, तोही फुकट. हे लिहा, ते काढा, दुकानाचं नाव चारदा टाका. सुरवातीला महांतेशचं दुकान इतकं खाली होतं, की यंत्र मोजायचंच नाही. मग चाळिसावं आलं. मग विसाच्या आत.

त्या सकाळी यंत्र म्हणालं: दोन.

"दोन!" महांतेश ओरडला. पुढं रहीमचाचांच्या हातातून टूब सटकली. "कामरान, दोन बे! आता पहिला कोण हाय तेवढा दाखव. त्याला दोन दिवसांत खाली आणतो."

कामराननं पहिल्या नावावर बोट नेलं आणि थांबला.

"क्या बे," तो म्हणाला. "हे बी तूच हाय."

२

पहिलं नाव होतं 'गुरुपाद पेढा, सुभाष रोड, बीड'. पत्ता वेगळा होता, पण तो एवढा लांबलचक होता, की कुठं वेगळा ते बोट ठेवून शोधावं लागलं.

"तू दोनदा बनवली असशील."

"आईची कसम, एकदाच बनवली. एकदाच्याचेबी पैसे तू पेढ्यात दिलेस."

पान उघडायला लागलं. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा, भिंतीला वरून रंग देत यावं तसा. आधी विजेच्या तारा आल्या. मग पाटी आली, तीच, लाल ओळीसकट. मग दुकानाचा आतला भाग. ट्यूबलाईट. गल्ल्यामागच्या भिंतीवरचं घड्याळ.

"घड्याळाची काच तडकलीय तुमच्या?" कामराननं विचारलं.

"न्हाई. चांगली हाय की."

फोटोत ती तडकली होती. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

घड्याळाखाली केस दिसायला लागले. कुणीतरी गल्ल्यावर मान खाली घालून बसलं होतं. कामराननं बनवलेल्या पानावरच्या फोटोत तर गल्ला रिकामा होता, कारण फोटो काढायला महांतेशच रस्त्यात उभा होता. ही पट्टी उतरली, ती पट्टी उतरली. नुसतं डोकं, वरून दिसणारं. त्यावर दोन भोवरे.

"तुला दोन भोवरे हायत ना बे?" कामरान म्हणाला. "लहानपणी सगळे चिडवायचे, दोन लगनं होनार म्हणून."

महांतेशचा हात आपोआप डोक्यावर गेला. तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला आणि त्यात दोघांची तोंडं दिसली.

दुकानात परत आल्यावर त्यानं पहिल्यांदा घड्याळ बघितलं. काच साफ होती. त्यानं स्टुलावर चढून बोटसुद्धा फिरवलं. आप्पा म्हणाले, "कितवा लागला नंबर?"

"दुसरा."

"मग स्टुलावर कावून चढलास? पहिल्याचा पुढच्या खेपेला लागंल. उतर."

३

आता हा पहिला नंबर महांतेशला एवढा कशाला पाहिजे होता, तर ईश्वरीपायी.

कपिलधारच्या यात्रेत त्यांनी पेढ्याचा ठेला लावला होता. कडा गावची एक पोरगी आली, पेढा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ही रेघ साच्यातली हाय का हाताची?" महांतेशनं अंगठा पुढं केला. तिनं बोटाचं टोक वणावरून फिरवलं. "खरीच की," म्हणाली, आणि अर्धा किलो घेऊन गेली. महांतेशनं त्या दिवशी तिघांना सुटे पैसे जास्तीचे दिले.

पुढं पाहुण्यांकडून बोलणी निघाली. पोरगी कड्यात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. तिचे वडील राजेश्वरआप्पा साखर कारखान्यात कामाला. माणूस मजेशीर, पण शब्दाचा पक्का. तो फोटो दिसला त्याच दिवशी दुपारी त्यांचा दुकानावर फोन आला.

"काय महांतेशराव! आमच्या ईश्वरीनं तुमचं दुकान इंटरनेटवर बघितलं म्हनं."

"हो का? बरं, बरं."

"पन दोनदा दिसतंय म्हनं. एक वर हाय, एक खाली हाय. मग तुमी कंचे?"

सोपा प्रश्न होता. महांतेशनं समोर बघितलं. रस्त्यापलीकडं रहीमचाचा पाण्याच्या घमेल्यात टूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते.

"वरचे," तो म्हणाला.

"हां! मग ठीक हाय." राजेश्वरआप्पा फोनवर खो खो हसले. "पोरगी म्हनतीय, द्यायची तर पहिल्या नंबरालाच द्या. येत्या सोमवारी या मग बघायला. घरचेच पोहे हायत."

फोन ठेवल्यावर महांतेशला वाटलं, खोटं काय बोललो? वरचं दुकान आपलंच, खालचंबी आपलंच. मग त्याला वाटलं, तसं असेल तर आपल्याला घाम कशाचा आला? सोमवारच्या आत खालचं वर गेलं पाहिजे, एवढं मात्र त्याला कळलं. कारण कड्यात ती पोरगी बसून बघणार होती.

४

दुसऱ्या दिवशी आप्पा जळमटं काढत होते. केरसुणीचा दांडा घड्याळाला लागला. घड्याळ पडलं नाही, नुसतं हललं. पण काच तडकली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "काटे फिरतेत ना."

महांतेश सरळ कामरानकडं गेला. आज लाईट टिकली आणि फोटो खालपर्यंत उतरला. डोकं, दोन भोवरे, आणि मान खालीच, त्यामुळं तोंड काही दिसलं नाही. अंगात तांबड्या चौकड्याचा सदरा. उजवा हात पुढं आलेला, आणि अंगठा पेढ्यावर दाबलेला.

"तू फोटोला बसला असशील, विसरला असशील," कामरान म्हणाला.

"माझ्याकडं असला सदराच न्हाई."

"मग तू न्हाईस. खलास. टेन्शन संपलं."

महांतेशलाही ते पटलं. संध्याकाळपर्यंत पटलेलं राहिलं. संध्याकाळी जगदेवी बाजारातून आली आणि तिनं पिशवीतून सोमवारसाठी आणलेला नवा सदरा काढला. तांबड्या चौकड्याचा.

"हाच कावून आणलास?" तो जवळजवळ ओरडलाच.

"का? तूच दुकानात बोट दाखवलंस की. हाच घे म्हणून."

"मी कवा आलतो तुझ्यासंग?"

"आलतास की. मागं उभा होतास." जगदेवीनं सदरा झटकला, त्याच्या पाठीला लावून बघितला. "बोलला न्हाईस काही. नुसतं बोट दाखवलंस. उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

महांतेशनं सदरा खुंटीला टांगला आणि ठरवलं, हा घालायचा नाही. ह्यात एक हिशोब होता. फोटोतल्या माणसाच्या अंगात सदरा आहे, आपल्या अंगात नाही. म्हणजे तो आपण नाही. हिशोब बरोबर होता. तरी रात्री जेवताना त्याला सारखं वाटत होतं, की उत्तर बरोबर आलंय पण गणित भलत्याचंच आहे.

५

शनिवारी यंत्रानं सल्ला दिला. कामराननं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं: "पहिल्या नंबराचं पान नीट बघा. ते जे करतंय ते करा. त्याच्यासारखं दिसा."

"म्हणजे नक्कल मारायची?"

"दहावीला काय केलतं आपण?" म्हणत कामराननं पहिल्याचं पान जसंच्या तसं उचललं आणि महांतेशच्या पानाच्या जागी ओतलं. फोटोसकट. तडकलेल्या घड्याळासकट. आता दोन्ही पानं शेजारी उघडली, तर कोणतं कुणाचं ते दोघांनाही सांगता येईना. "बघ, जुळी पोरं," कामरान म्हणाला. "आता दाब बटण."

महांतेशनं बटण दाबलं. वाळूचं घड्याळ लई वेळ फिरलं. आतल्या मोडेमनं शेपटी दाबलेल्या मांजरासारखा आवाज काढला आणि गप्प झाला. पण आज नंबर आलाच नाही. पडद्यावर दोन पत्ते आले, एकाखाली एक, आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळी.

"काय म्हणतंय?"

कामराननं दोनदा वाचलं. "म्हणतंय, ही दोन दुकानं एकच दिसतात. वरचं मूळ धरलंय. खालचं त्याची शाखा हाय का? हो का नाही, सांगा."

"शाखा?"

"हो म्हण ना बे. शाखा तर शाखा. दोनी राहतील, कुणाचं काय जातंय."

पण महांतेश गुरुपादआप्पांचा पोरगा होता. ज्या घरात बंकटकाकाच्या लग्नातलं ताटसुद्धा माळ्यावर उलटं टाकलं होतं, त्या घरातला. तुमची शाखा आहे का, असं परक्यानं विचारलं, तर त्या घरातला माणूस एकच उत्तर देऊ शकतो. लहानपणी पाटीवरची अक्षरं जुळवत तो जे पहिलं वाक्य वाचायला शिकला, तेच वाक्य होतं.

"आमी, अन शाखा? अन ती बी आमच्याच दुकानाची?" तो म्हणाला. "लिही. आमची कुठेही शाखा नाही."

"इथं लिहायचं न्हाई, हो का नाही दाबायचंय."

"मग नाही दाब."

"सोच बे एकदा."

महांतेशनं त्याच्या हातातला माऊस ओढून घेतला आणि स्वतः दाबलं. नाही.

पडद्यावर एकच ओळ आली. कामराननं ती मोठ्यानं वाचली, मग एकदा मनात वाचली.

"म्हणतंय, आभारी आहोत. मग एकच ठेवतो."

"कंचं?"

कामराननं पान खाली सरकवलं, वर सरकवलं. पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर पडताना रहीमचाचांनी टूब घमेल्यातून काढली आणि महांतेशकडं बघत राहिले. "बेटा, तू आतून कवा निघालास?"

"आत्ता निघतोय की चाचा."

"नै, ह्याच्या आधी. आत्ताच गेलास ना इथून, तांबड्या चौकड्यात? मी सलाम केला, तू केलाबी." चाचांनी डोळे चोळले. "आता डॉक्टरला दाखवना पडेगा."

महांतेश हसला. घरी गेल्यावर त्यानं खुंटी बघितली. सदरा नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली, "धुवायला टाकला असशील." त्यानं धुण्यात बघितलं नाही. बघितलं आणि नसला, तर पुढं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

६

सोमवारी सकाळी खवा यायला उशीर झाला.

पालीचा सुग्रीव त्यांना रोज खवा द्यायचा. तो आला तेव्हा त्याची टोपली अर्धीच होती. आप्पा आणि जगदेवी नटूनथटून दाराशी उभे, भाड्याची जीप चालू, आणि पेढ्याचा पत्ता नाही.

"शिळा पेढा घेऊन पोरगी बघायला जायचं का?" आप्पा म्हणाले. "आमी पुढं होतो. तू ताजे वळ अन नगरच्या एस्टीनं मागून ये. कड्यात उतरलं की कुणीबी घर दाखवंल."

जीप गेली. महांतेशनं सुग्रीवला विचारलं, "आज अर्धाच खवा कावून?"

सुग्रीव चक्रावला. "आता! फाट्यावर तुमीच थांबवलं की मालक. अर्धा तिथंच उतरवून घेतला. म्हणालात, दोन ठिकाणी वळायचेत आज."

"मी म्हणालो?"

"मग का मी?" सुग्रीवनं त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं. "कपडे बदललेत वाटतं. तो चौकड्याचा बरा दिसत होता."

महांतेश आत गेला आणि पेढे वळायला बसला. एस्टी गाठायची होती. सुग्रीव सकाळीच कुठं टाकून आला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग आठवलं, सुग्रीव माळकरी आहे. मग सांगितलं, माळकऱ्यालाही झोप येते. असं एकेक स्वतःला सांगत सांगत त्यानं पहिलं ताट भरलं. भरल्यावर बघितलं, तर पेढे गुळगुळीत होते.

त्यानं एक परत दाबला. मध्ये खड्डा पडला, छान गोल. रेघ नाही.

खवा ओला असेल. ओल्या खव्यात बारीक रेघ मिटते. त्यानं कढई परत चुलीवर ठेवली, खवा आटवला, कोरडा केला, हात धुवून परत वळला. छान गोल खड्डा. त्यानं अंगठा उजेडात धरला. आतल्या बल्बच्या पिवळट उजेडात नीट दिसत नव्हतं, असं त्याला वाटलं. बाहेर उन्हात धरावा, एवढा साधा उपाय होता. पण त्यानं हात खिशात घातला, दुसऱ्या हातानं पेटी बांधली आणि स्टँडकडं पळाला.

७

एस्टीत खिडकीशी जागा मिळाली. पूर्ण रस्ता त्यानं पेटी मांडीवर धरली आणि उजवा हात खिशातच ठेवला. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "मघाच्या गाडीनं गेलतात की. परत चाललात का?" आणि महांतेश "हो" म्हणाला. नाही म्हणायची त्याला आता धास्ती बसली होती.

कड्यात घर सापडायला वेळ लागला नाही. पानपट्टीवाल्यानं हात केला. "ते निळं दार. पाव्हणे आलेत त्यांच्याकडं, जीप हाय बघा."

जीप होती. ओट्यावर चपलांची रांग होती. आप्पांचे बूट. आईची मळकट लाल पट्ट्याची चप्पल. आणि तिच्या शेजारी एक कोल्हापुरी, जिचा तुटलेला अंगठा रहीमचाचांनी सायकलच्या तारेनं बांधून दिला होता.

महांतेश त्या तारेकडं बघत उभा राहिला. मग त्यानं स्वतःच्या पायाकडं बघितलं. कोल्हापुरी पायातही होती. तारेसकट.

आतून हसण्याचा आवाज आला. एक हसू राजेश्वरआप्पांचं, खो खो. दुसरं ओळखू येईना. आपलं हसू आपल्याला बाहेरून ओळखू येत नसतं. पण कामराननं एकदा टेपरेकॉर्डरवर भरून त्याला ते ऐकवलं होतं आणि महांतेश म्हणाला होता, हा कोण उचकी लागलेला? आत कुणीतरी उचकी लागल्यासारखं हसत होतं.

दाराला पडदा होता. वाऱ्यानं तो एका बाजूनं हलत होता. हलला की आतला एक तुकडा दिसायचा, परत झाकायचा. खुर्चीची पाठ. तांबड्या चौकड्या. वाकलेलं डोकं, दोन भोवरे. समोर पोह्यांचं ताट घेऊन ईश्वरी. परत पडदा. मग ताट खाली ठेवलेलं. मग तिचा आवाज, तोच, कपिलधारचा:

"रेघ अजून हाय का खरी?"

तांबड्या चौकड्याचा हात पुढं झाला. ईश्वरीनं बोटाचं टोक अंगठ्यावरून फिरवलं.

इकडं ओट्यावर, खिशातल्या खिशात, महांतेशच्या अंगठ्याला गुदगुल्या झाल्या. बारीक, आडव्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याही थांबल्या.

"कोण हाय दारात?" राजेश्वरआप्पा पडदा सारून बाहेर आले. वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "कोण पायजे?"

"पेढे," महांतेश म्हणाला. बोलायचं वेगळंच होतं, पण हातात पेटी होती. "पेढे आणलेत. बीडहून."

"पेढे तर आले की मघाशी! ओ गुरुपादआप्पा, तुमच्या दुकानाचा मानूस दिसतोय."

आप्पा बाहेर आले. त्यांच्यामागं जगदेवी. महांतेशला एकदम हलकं वाटलं. आता आई बोलेल. उन्हानं डोकं फिरलं का, म्हणेल, आणि सगळं जागेवर येईल.

"आई," तो म्हणाला.

जगदेवीनं मागं वळून बघितलं, हा कुणाला हाक मारतोय म्हणून. मग ती पुढं झाली, पेटीची दोरी सोडली, एक पेढा उचलला. नेहमीसारखा उलटा करून, मग सुलटा करून, उजेडात धरला.

"ह्याच्यावर रेघ न्हाई," ती म्हणाली.

महांतेशनं खिशातून हात काढला. अंगठा वर करून तिच्यासमोर धरला, आणि उन्हात त्यानंही तो पहिल्यांदा बघितला. तान्ह्या पोराच्या अंगठ्यासारखा होता. मऊ, कोरा.

आप्पांचा आवाज बदलला. "लिंबागणेशहून आलास का? बंकटनं धाडलं तुला?"

"आप्पा, मी... मीच..."

"आवं, नका रागावू त्याला," जगदेवी म्हणाली. "उन्हात आलंय लेकरू. पाणी दे गं कुणीतरी." ईश्वरी तांब्या घेऊन आली. पाणी ओतताना ती महांतेशच्या तोंडाकडं बघत राहिली, एखादं नाव ओठावर आहे आणि येत नाही तशी. ओंजळ भरली, वाहून गेली, तरी ती ओततच होती. मग तिची नजर त्याच्या अंगठ्यावर आली, आणि तिनं तांब्या सरळ केला.

आत खुर्ची सरकली. खाली घातलेलं डोकं वर यायला लागलं होतं. "कोण हाय गं आई?" आतून आवाज आला.

"कुणी न्हाई रे. तू पोहे खा, गार होतील." जगदेवीनं पेढा पेटीत परत ठेवला, दोरी होती तशी बांधली आणि पेटी महांतेशच्या हातात दिली. मग पडदा ओढता ओढता, दुकानात चुकून आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची तशी, गोड आवाजात म्हणाली,

"आमची कुठंबी शाखा न्हाई, बाबा."